मी नक्की किती प्यायचो

आमच्या भागात दारू सोडलेले पुष्कळ आहेत, पण दारू सोडून नाव कमावलेला मी एकटाच. मिरजगावला हायवेलगत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक माझ्याकडे आणतात आणि मी त्यांची तार नव्याने भरून देतो. पण मच्छिंद्र मिस्त्री म्हणून मला ओळखणारे थोडे, आणि 'ते दारू सोडलेले मच्छिंद्रभाऊ' म्हणून ओळखणारे जास्त. सप्ताह असो, शाळेचं गॅदरिंग असो, गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी आडव्या बाटलीचं मतदान मागितलेलं असो, मला बोलावणं येतं. मी भाषण करतो, बायका डोळ्यांना पदर लावतात आणि मी शाल-नारळ घेऊन घरी येतो. आमच्याकडे नारळाची चटणी इतक्यांदा होते की नवख्या पाहुण्याला आम्ही कोकणातून आलोय असं वाटतं.

खरं सांगायचं तर दारुडा म्हणून मी अगदीच सुमार होतो. दुकान बंद केलं की शेजारच्या पंक्चरवाल्या कल्याणबरोबर बसायचो. एक क्वार्टर, दोघांत. ओतायचं काम कल्याणकडे, त्यामुळे त्याच्या ग्लासात जास्त जायची आणि मी शेंगदाणे जास्त खायचो. तेही रोज नाही. कधी एखाद्याची मोटार पहिल्याच झटक्याला पाणी ओढायला लागली की तो शेतकरी खुशीने पाजायचा, त्या दिवशी जरा जास्त व्हायची. पुढे मला ॲसिडिटी झाली. डॉक्टर म्हणाले, दारू तरी सोडा नाहीतर शेंगदाणे तरी सोडा. मी दारू सोडली. यात भाषण करण्यासारखं काही नाही, हे मलाही कळत होतं.

पण झालं असं, की शेजारच्या एका गावात आडव्या बाटलीची सभा होती. पुण्याहून दारू सोडलेले एक मोठे वक्ते येणार होते. त्यांची गाडी आमच्या हायवेवर पंक्चर झाली, आणि ते पंक्चर काढत होता कल्याण, म्हणजे सभा संपेपर्यंत वक्ते काही पोचत नाहीत हे नक्की झालं. कोणीतरी म्हणालं, आपल्या मच्छिंद्रनेही सोडलीय की, त्याला चढवा. मी चढलो आणि खरं सांगितलं. निम्मी क्वार्टर, शेंगदाणे, ॲसिडिटी. पहिल्या रांगेतली बाई शेजारणीला मेथीचा भाव विचारायला लागली. माझ्या दारूचा एवढा अपमान मी पीत होतो तेव्हाही कोणी केला नव्हता.

दुसऱ्या सभेत मी पूर्ण क्वार्टर केली. तिसऱ्या सभेत हाफ. हाफला बायका माना हलवायला लागल्या, तेव्हा मी खंब्यावर, म्हणजे पूर्ण बाटलीवर, गेलो आणि मग खाली उतरलो नाही. त्यात घरची भांडी विकली. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ गहाण टाकलं. तरी शेवटाला काहीतरी कमी पडत होतं. ते मला राजूरला मिळालं. तिकडे व्यसनमुक्तीच्या शिबिरात एका माणसाने सांगितलं, की पिऊन तो आठवडे बाजारात स्वतःची शेळी विसरला. लोक हसले. मी मात्र हसलो नाही, मी विचार करत होतो. परत येताना गाडीत मी शेळीच्या जागी माझी पोरगी घातली.

ती गोष्ट अशी झाली. मी चार वर्षांच्या संस्कृतीला बाजारात नेतो, एका कांदेवालीच्या पोत्यावर बसवतो, 'हलू नको, आलोच' म्हणतो आणि गुत्त्यात जातो. संध्याकाळी कोणाच्या तरी टेम्पोतून घरी येऊन पडतो. बायको विचारते, संस्कृती कुठं आहे? मी डोळे उघडतो आणि म्हणतो, 'कोण संस्कृती?' इथे मी थांबतो. मनात पाच मोजतो. मंडप चिडीचूप होतो, मग कुठूनतरी हुंदका येतो. ते 'कोण संस्कृती' मला अंघोळ करताना सुचलं होतं, हातात साबण होता, हे मला अजून स्वच्छ आठवतं. मला त्या वाक्याचा अभिमान होता.

आमच्या स्वतःच्या गावात ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझी बायको, विजयमाला, पुढेच बसली होती. ती रडली. तोंडात पदर कोंबून रडली. घरी आल्यावर तिने मला ताज्या भाकरी करून वाढल्या, समोर बसली आणि दुकानात काय चाललंय ते विचारलं. त्याआधी कितीतरी वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ आणा. लाईट गेली. मला वाटायचं, तिचं माहेरच अबोल. त्या दिवसापासून ती माझ्याशी माणसासारखी बोलायला लागली, आणि मी मनात म्हटलं, वक्तृत्व म्हणजे काय चीज असते बघा.

हे सगळं सुखाने चाललं असतं, पण संस्कृतीचं लग्न ठरायला लागलं. ती बी.फार्म झाली, नगरला एका औषधांच्या एजन्सीत लागली. तिथे येणारा चेतन तिला आवडला, त्याला ती आवडली. राहुरीकडचा मुलगा, दूध डेअरीच्या लॅबमध्ये नोकरीला. घरच्यांना सांगून, रीतसर. त्याचे वडील कारभारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालेले. बोलणी चांगली चालली होती. मग कोणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी कारभारींचा फोन आला. ते म्हणाले, आमच्या घरात सुपारीसुद्धा खात नाहीत, जरा विचार करावा लागेल, पुढच्या रविवारी समक्ष येऊन बोलू. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

पाहुणे यायच्या आधीच्या आठवड्यात संस्कृती शनिवारी घरी आली ती तोंड धुवायलाही उठेना. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ज्या पोरीला मी भाषणात इतक्या वेळा हरवलं, तिचं ठरत आलेलं लग्न त्याच भाषणाने मोडायला आलं होतं. मला स्वतःची चीड आली. मी ठरवलं, रविवारी सगळं खरं सांगून टाकायचं, की बाबांनो, मी दारुडा नव्हतोच, मी नुसता बोलका आहे. पण माझ्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? मला कोणीतरी शिकलेला, शिक्का असलेला माणूस हवा होता.

आणि तो मला बुधवारी घरबसल्या मिळाला. नगरच्या एका मेडिकल कॉलेजातून मुबश्शिरा नावाची तरुण डॉक्टर आमच्या भागात फिरत होती. दारू सोडलेल्या माणसांना ती विचारायची, की तुम्ही पंधरा-वीस वर्षांपूर्वी किती प्यायचात? तिचा अभ्यासच तो होता. ती घरी आली, मला काका म्हणाली, आणि पिशवीतून वेगवेगळ्या आकाराचे रिकामे ग्लास काढून आमच्या पाटावर मांडले. काचेचा, स्टीलचा, प्लास्टिकचा, लग्नात मिळतो तसला छोटा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं पिणं मापाने मोजणार होतं. मला बरं वाटलं.

तिची पद्धत हुशारीची होती. ती म्हणाली, माणसाला तारखा आठवत नाहीत, घटना आठवतात. म्हणून तिने आधी दारूचं नावच काढलं नाही. दुष्काळात चारा छावणी कुठे लागली होती, घराला स्लॅब कधी पडला, संस्कृती बालवाडीत कधी गेली, हे विचारून घेतलं. मग एकेका घटनेला धरून हळूच, त्या सुमाराला किती व्हायची? कोणाबरोबर? कुठल्या ग्लासात? मग तांब्यातलं पाणी देऊन म्हणाली, तुमचा पेग भरून दाखवा. मी काचेच्या ग्लासात भरला. तिने तो नळीत ओतून मोजला. थोड्या वेळाने स्टीलच्या ग्लासात भरायला सांगितला, तो दुप्पट निघाला. मी म्हटलं, स्टीलमध्ये दिसत नाही ना. ती म्हणाली, तेच बघायचं होतं.

मी प्रामाणिकपणे निम्मी क्वार्टर सांगितली. आठवड्यातून तीनदा. ती मान हलवत लिहीत होती, पण तिच्या चेहऱ्यावर मेथीचा भाव विचारणाऱ्या बाईसारखंच काहीतरी होतं. शेवटी ती अदबीने म्हणाली, की लोक बहुधा कमीच सांगतात, त्यामुळे हिशोब करताना आम्ही थोडं वाढवून धरतो. मी विचारलं, जास्त सांगणाऱ्यांचं काय करता? ती विचारात पडली. म्हणाली, असं अजून कोणी भेटलं नाही. मी खोटं बोलत होतो तेव्हा लोकांनी शाली घातल्या, आणि खरं बोललो तर ही बाई माझी दारू वाढवून धरणार होती.

तिने व्हिडिओही पाहिला होता. त्यात तुम्ही दिवसाला खंबा म्हणता, असं तिने विचारलं. मग मी सगळंच ओकलो. खंबा खोटा, भांडी खोटी, घड्याळ तर माझ्या मनगटावर आहे, हे बघा. आणि ती पोरगी बाजारात विसरल्याची गोष्ट मुळात राजूरच्या एका शेळीची आहे. मी ती शेळी कशी बदलली, 'कोण संस्कृती' कसं सुचलं, साबणासकट सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली. मीही हसलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चहा उतू गेल्याचा वास आला. विजयमालाचा चहा कधी उतू जात नाही.

मी मुबश्शिराला म्हटलं, एवढं सगळं खरं सांगितलं, तर मला कॉलेजच्या शिक्क्याचा एक कागद द्या, की हा माणूस फारसा पीत नव्हता. ती म्हणाली, असा कागद देता येत नाही काका, आम्ही नावंसुद्धा ठेवत नाही. पण एक करतो, सांगितलेलं पडताळायला घरातल्या एका माणसाला वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतो. मला आनंद झाला. विजयमाला खोटं बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. ती माझं पिणं बरोबर छाटून जागेवर आणणार.

मुबश्शिरा आत गेली, दार लोटलं गेलं. मी अंगणात उगाच एका जुन्या मोटारीचे नट काढत बसलो. माझ्यापेक्षा विजयमालाला जास्त वेळ लागला. मी मनाशी म्हटलं, माझी दारू माझ्यापेक्षा बायकोलाच जास्त आठवते. वाक्य चांगलं होतं. पुढच्या भाषणासाठी मी ते बाजूला ठेवलं. मग मुबश्शिरा बाहेर आली, एकेक ग्लास पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवला, येते काका म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

विजयमाला दारात उभी होती.

"ते शेळीचं काय म्हनत हुता तुमी?" तिने विचारलं.

मी हसत हसत तिला राजूरच्या शिबिराचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ती शेळी न्हवती. ती आपली संस्कृती हुती."

मला वाटलं, ती भाषणातलंच बोलतेय. मी तसं म्हणालोही. तेव्हा ती उंबऱ्यावर बसली आणि तिने मला सांगितलं. कोणाचीतरी मोटार पहिल्या झटक्याला चालू झाली होती आणि त्या माणसाने मला दुपारपासून पाजली होती. विजयमालाला त्या दिवशी ताप होता म्हणून मी पोरीला बरोबर नेलं होतं, बाजार दाखवायला. संध्याकाळी मी टेम्पोतून एकटाच आलो आणि बाजेवर पडलो. तिने विचारलं, संस्कृती कुठंय? मी डोळे उघडले आणि जे म्हणालो, ते मला अंघोळीत सुचलं असं मी इतकी वर्षं समजत होतो. सुचलं म्हणजे आतूनच आलं होतं, एवढं खरं.

ती ताप अंगात घेऊन रस्त्यावर पळाली, दुधाची गाडी थांबवली, बाजारात गेली आणि पोरीला घेऊन आली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला असता. सकाळी मी उठलो, चहा मागितला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून 'शहाणी माझी' म्हणालो आणि दुकानात गेलो. मी विषयच काढला नाही. तिला वाटलं, लाज वाटतेय, आज ना उद्या स्वतःहून बोलतील. ती वाट बघत राहिली. मीठ आणा आणि लाईट गेली, ही ती वाट बघण्याची वर्षं होती.

"मग तुमी गावासमोर सांगितलं," ती म्हणाली. "सगळ्या बायांसमोर. मला वाटलं, ह्या मानसानं चूक पदरात घेतली. त्याच्यावर मी परत संसार केला. आन् तुमाला ती शेळी वाटत हुती."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. जी गोष्ट मी स्वतः रचली असं छातीठोक सांगत होतो तीच खरी निघाली, तर बाकीच्यांचा काय भरवसा? मी शाळेतल्या पोरासारखा तिला एकेक विचारायला लागलो. भांडी? भांडी न्हाई इकली, ती म्हणाली, ते तुमी रचलं. घड्याळ? ते बी रचलं. तुझ्यावर कधी हात? तिने थोडा वेळ घेतला. तो थोडा वेळ मला फार लांब वाटला. मग ती म्हणाली, "न्हाई. तेवढं न्हाई केलं." मी रडलो. मंडपात इतक्या लोकांना रडवलं, पण तसं रडणं मला स्वतःला कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुबश्शिराला फोन केला. म्हटलं, मॅडम, ती शेळीची गोष्ट खोडा, ती खरी धरा. आणि निम्मी क्वार्टरही वाढवून धरा, तुमचंच बरोबर होतं. ती म्हणाली, "काका, पहिलं उत्तर बदलता येत नाही. नुसतं काय घडलं एवढंच आम्ही मोजत नाही. माणसाला किती आठवतं, तेही मोजतो." मी विचारलं, मग मला किती आठवतं? ती म्हणाली, ते मी नाही सांगू शकत, काकूंना विचारा.

रविवारी कारभारी, त्यांच्या मंडळी भागिरथीबाई आणि चेतन आले. चार दिवस आधीपर्यंत माझं भाषण तयार होतं, की सगळं खोटं आहे, मी कुठला दारुडा. आता ते अर्धंच उरलं होतं. मी विजयमालाला विचारलं, काय सांगू? ती म्हणाली, तोंड तुमचं हाय. संस्कृती आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. तिच्या आईने तिला काय सांगितलं होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि विचारायची छाती झाली नाही. खोटं आहे, एवढं एक वाक्य बोललो की पोरीचं लग्न मार्गी लागणार होतं. तेही मला इतकी वर्षं खरंच वाटत आलेलं वाक्य.

कारभारी हळू बोलणारे गृहस्थ होते. जन्मभर उसाच्या गाड्या तोलल्यामुळे असेल, माणसाकडेही ते आधी रिकामं वजन किती आणि भरलेलं किती अशा नजरेने बघत. चहा झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"आम्ही तुमच्या गावात चौकशी केली," ते म्हणाले. "व्हिडिओत तुम्ही पट्टीचे दारुडे. गावात विचारलं तर लोक हसतात. म्हणतात, तो कसला पितोय, थापाड्या हाय एक नंबरचा. आता मला सांगा, दोन्हीतलं आम्ही काय धरायचं? पिऊन सोडली असंल तर आमची तक्रार न्हाई. पण स्वतःच्या पोरीवर खोटी गोष्ट रचून टाळ्या घेणारा मानूस असंल, तर अवघड हाय."

म्हणजे मी ज्या वाक्याने लग्न वाचवणार होतो, त्याच वाक्याने ते मोडणार होतं. पण हे कळल्यावर मी खरं बोललो असं नाही, आणि एवढं तरी माझ्या बाजूने धरावं. ते बोलायला लागले त्याआधीच खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मी सांगितलं, की दोन्ही धरा. खंबा, भांडी, घड्याळ, हे मी टाळ्यांसाठी रचलं. पोरीला बाजारात विसरलो, ते खरं आहे. पण ते मला आठवत नाही. मला तेही रचलेलंच वाटत होतं. मला चार दिवसांपूर्वी हिच्याकडून कळलं.

हे मी फार वाईट बोललो. अडखळलो, पाच मोजायचं राहिलं, कोणाच्या डोळ्यांना पदर लागला नाही. चेतन जमिनीकडे बघत होता. कारभारी माझ्याकडे बघत होते, बहुधा वजन करत होते.

भागिरथीबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "तुला आठवतं का गं?" त्यांनी संस्कृतीला विचारलं.

"आठवतं," संस्कृती म्हणाली.

"मंग?"

"मग आई आली."

भागिरथीबाई उठल्या, आत गेल्या, विजयमालाशी काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. बाहेर येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, की पोरगी आपल्याला पसंत आहे, बापाचं आपल्याला काय लोणचं घालायचंय. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, एकच अट हाय. लग्नात तुमी भाषन करायचं न्हाई. कारभारी पहिल्यांदा हसले. मी मान्य केलं. तशीही माझ्याकडे आता भाषणाजोगी गोष्ट उरली नव्हती.

पाहुणे गेल्यावर संस्कृतीला नगरला परतायचं होतं. मी तिला मोटारसायकलवर मिरजगावच्या स्टँडवर सोडायला गेलो. बाजाराचा दिवस नव्हता, मोकळ्या मैदानात दोन-चार गाढवं उभी होती. गाडीला वेळ होता. आम्ही दोघं रस्त्याकडेला थांबलो, आणि जे मी तिच्या आईला विचारलं नाही, ते तिला विचारलं. खरंच आठवतं का तुला? तू इतकी लहान होतीस.

तिने थोडा विचार केला. म्हणाली, फार नाही आठवत. पोतं पायाला टोचत होतं. बाजार उठला, कांदेवाली बाई म्हणत होती, ऊठ बाळ, मला पोती टेम्पोत टाकायचीत. मी उठत नव्हते. ती बिचारी एक पोतं तसंच ठेवून माझ्याजवळ बसून राहिली. ती अशी सहज सांगत होती, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तशी.

"का उठत नव्हतीस?"

"तुम्ही सांगितलं होतं ना, हलू नको म्हणून. आई आली तरी मी उठत नव्हते. तिला म्हटलं, आपण गेलो तर पप्पा आपल्याला शोधत बसतील."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत मी थांबलो.

"संस्कृती," मी म्हणालो, "मी तुला शोधत नव्हतो, पोरी. मी घरी झोपलो होतो."

"माहीत आहे, पप्पा," ती म्हणाली, आणि नगरची गाडी येईपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली.